वाणसामानाचं कपाट कसं आवराल?

स्वयंपाकघर आवरायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती डब्यांची. एकसारखे, पारदर्शक, झाकणाला रिंग असलेले डझनभर डबे येतात, जुन्या डब्यांतलं सामान त्यांत ओतलं जातं आणि चार दिवस कपाट दृष्ट लागण्यासारखं दिसतं. मग महिन्याचं वाणसामान येतं. डब्यांत न मावलेल्या पुड्या रबर लावून त्यांच्या डोक्यावर बसतात, जुने रिकामे डबे ‘असू देत’ म्हणत माळ्यावर चढतात आणि पसारा होता तसाच राहतो. वर डब्यांचे पैसे गेलेले असतात. कपाट बिघडतं ते डबे कमी पडतात म्हणून नाही. घरात काय आणि किती आहे ते न बघता सामान आणलं जातं, म्हणून ते बिघडतं. तेव्हा आधी सामान कमी करायचं, मग जागा ठरवायच्या आणि डबे घ्यायचेच असतील तर अगदी शेवटी घ्यायचे.

अख्खं स्वयंपाकघर एका दिवसात काढू नका. एकच कपाट निवडा: डाळ-तांदूळ, पिठं, मसाले, पोहे-रवा, साखर-गूळ जिथे राहतं ते. भांड्यांच्या ट्रॉल्या थांबू शकतात, भांड्यांना कीड लागत नाही.

कधी काढावं?

महिनाअखेर उत्तम, कारण तेव्हा डबे तळाला आलेले असतात आणि पुढची यादी व्हायची असते. वर्षातले दोन मोके विशेष सोयीचे. एक मे महिन्यात, वर्षाचे गहू, तिखट, हळद भरण्याआधी. दुसरा पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, ऊन कडक असताना. भर पावसाळ्यात हे काम टाळा. विशेषतः मुंबई-कोकणात तासभर उघडे राहिलेले पोहे आणि पापड लगेच सादळतात.

सकाळचा स्वयंपाक उरकल्यावर बसलात तर दोन-तीन तासांत काम होतं. घरात स्वयंपाक जे कोणी करतं त्या सगळ्यांना बोलवा. सासूबाईंनी लावायचं, सुनेने शोधायचं आणि स्वयंपाकाच्या मावशींनी तिसरीकडेच ठेवायचं, असं असेल तर कुठलीच मांडणी आठवडाभर टिकत नाही.

आधी सगळं बाहेर

ओटा आणि जेवणाचं टेबल मोकळं करा, जमिनीवर जुनी चादर अंथरा. चाळणी, कोरडी फडकी, कागदी चिकटपट्टी, मार्कर आणि ओल्या कचऱ्याची बादली हाताशी घ्या. मग कपाट पूर्ण रिकामं करा. एकेक कप्पा काढून पुसून परत भरला तर एकाच वस्तूची तीन पाकिटं तीन कप्प्यांत असल्याचं कधीच कळत नाही.

बाहेर आलेल्या सामानाचे जातीनुसार ढीग लावा: तांदूळ, डाळी, अख्खी कडधान्यं, पिठं आणि रवा, पोहे-कुरमुरे-शेवया, दाणे-तीळ-खोबरं-जवस, अख्खे मसाले, दळलेले मसाले, उपवासाचं, साखर-गूळ. साबण, उदबत्त्या, कपड्यांची पावडर इथे सापडली तर त्यांना कायमचं दुसरीकडे पाठवा. बंद पाकिटातल्या उदबत्तीचा वाससुद्धा तांदळाला आणि चहाला लागतो.

ढीग लागले की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. कोपरा कातरून रबर लावलेली हळदीची तीन पाकिटं निघतात. गेल्या संक्रांतीचे तीळ, एकदाच केलेल्या केकची कोको पावडर, कुणीतरी गावाहून पाठवलेले आणि ‘पाहुणे आले की करू’ म्हणून ठेवलेले हुलगे निघतात. इथे थांबून एका कागदावर दोनच रकाने करा: दुबार निघालेलं आणि वर्षभर हात न लावलेलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत या कागदावरचं काहीही विकत आणायचं नाही.

कपाटाची सफाई

शेल्फ पुसणं सोपं असतं. घाण अडकते ती बिजागरीच्या फटीत, शेल्फच्या खुंट्यांच्या भोकांत आणि मागच्या कोपऱ्यात. तिथे साचलेल्या पिठाच्या रेषेतच पुढची कीड वाढते. आधी कोरडा ब्रश फिरवा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात फडकं घट्ट पिळून पुसा. प्लायवूडच्या कपाटाला पाण्याचे लोट नकोत. दारं उघडी ठेवून, पंखा लावून तासभर वाळू द्या. ओलसर शेल्फवर भरलेले डबे खालून गंजतात.

शेल्फवर वर्तमानपत्र अंथरायची जुनी सवय सोडलेली बरी. कागद दमटपणा धरून ठेवतो आणि झुरळांना त्याखाली आयता आडोसा मिळतो. धुता येणारी मॅट घाला. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, शाईतले घटक अन्नात उतरतात, असं देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे ‘एफएसएसएआय’ने, 2016 मध्येच बजावलं आहे. तेव्हा वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्याही या कपाटात नकोत. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. त्यांची जागा कपड्यांच्या कपाटात, आणि तिथेही बेतानेच.

काय ठेवायचं, काय टाकायचं?

पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम राहील, असा त्याचा अर्थ. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ लिहिलं असेल तर त्या तारखेनंतर पदार्थ वापरायचाच नाही. सुट्या सामानावर मात्र तारीख नसते, तिथे नाक आणि बोटं वापरावी लागतात.

दळलेला मसाला चिमूटभर तळहातावर चोळून हुंगा. वास जेमतेम येत असेल तर तो आमटीत घालून रंगापलीकडे काही मिळणार नाही. अख्खे मसाले नीट ठेवले तर दोन-तीन वर्षं सहज टिकतात, पूड सहा महिने ते वर्षभरात ओसरते. म्हणून धने-जिरे अख्खे आणून लागेल तसे भाजून कुटणं हाच शहाणपणा.

दाणे, तीळ, खोबरं, जवस, कारळं यांत तेल असतं आणि तेल खवट होतं. दोन दाणे चावून बघा, चव घशाशी आली तर टाका. दाण्यांवर हिरवी-काळी बुरशी दिसली तर निवडून उरलेले वापरू नका. या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पुरतं जात नाही. असे दाणे पाखरांनाही घालू नयेत. सुकं खोबरं आणि दाण्याचं कूट कपाटातून काढून फ्रिजमध्येच ठेवा.

तूरडाळ, राजमा, छोले यांचं दुखणं वेगळं. ती दिसायला ठीक असतात, पण दमट, उबदार जागी वर्ष काढलं की शिजायचं नाव घेत नाहीत. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही वरण दाणेदार राहत असेल, तर दोष बहुधा डाळीच्या वयाचा.

बेकिंग पावडर चमचाभर गरम पाण्यात टाका, फसफसली तर जिवंत आहे. खाण्याच्या सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात घ्या. मीठ आणि साखर खराब होत नाहीत, फक्त पाणी धरतात. गूळ पावसात पाझरतो, त्याला घट्ट झाकणाचा डबाच हवा.

उपवासाच्या ढिगात भगरीकडे नीट लक्ष द्या. नवरात्र किंवा महाशिवरात्रीच्या सुमारास भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. जुनी, दमट भगर आणि त्याहून जास्त तिचं साठवलेलं पीठ बुरशीला बळी पडतं. भगर पाकीटबंद आणि तारीख बघून घ्या, सणापुरतीच आणा, पीठ लागेल तेव्हाच दळा. मागच्या उपवासाचं उरलेलं पीठ आज बिनदिक्कत टाका.

जे चांगलं आहे पण मूठ-मूठ उरलंय, त्यासाठी एक पसरट टोपली घ्या आणि तिच्यावर ‘आधी संपवा’ असं लिहा. ही टोपली डोळ्यांसमोरच्या कप्प्यात राहील. उरलेल्या डाळी-तांदळाची धिरडी होतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा आणि उडदाची डाळ थोडी-थोडी असेल तर धने-जिरे घालून भाजणी करा. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजा, पूर्ण गार करा, मगच गिरणीत द्या. पाच डब्यांची जागा एका डब्यावर येते आणि पंधरा दिवसांच्या थालीपिठांची सोय होते.

न उघडलेली, मुदतीतली पाकिटं खुशाल कुणाला द्या. पण मुदत संपलेलं किंवा किडलेलं सामान ‘त्यांना चालतं’ म्हणून कामाच्या ताईंच्या हातात ठेवू नका.

किडीचा बंदोबस्त

आवरलेल्या कपाटात महिन्याभरात पुन्हा पाकोळ्या उडू लागल्या, तर तो घाणीपेक्षा किडीच्या जीवनक्रमाचा परिणाम असतो. तांदळातला सोंड्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बुजवून टाकतो. वरून दाणा धड दिसतो. त्यामुळे चाळून मोठे किडे गेले तरी आतली पिढी शाबूत राहते आणि उबेत महिन्याभरात बाहेर पडते. मूग-मटकी-चवळीवरचा भुंगेरा उलट करतो, तो अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. कडधान्य हातावर घेऊन उजेडात बघा. सालीवर पांढरे, खसखशीहून बारीक ठिपके दिसले तर ती अंडी. दाण्याला गोल, कोरल्यासारखं भोक असेल तर किडा जेवून बाहेर पडलेला आहे. रवा-मैद्यात गुठळ्या आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर अळी झाली आहे. असं पीठ चाळत बसू नका, टाकून द्या.

घरी करण्याजोगा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे थंडी. नवीन आणलेली कडधान्यं, रवा, बेसन हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटेल. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर रवा कोरडा भाजून ठेवा आणि कडधान्यांना कडक ऊन द्या. उन्हातलं गरम धान्यही गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावणं, तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे घालणं या आजीच्या रीती आजही चालू ठेवण्यासारख्या आहेत. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पुरता वाळवून घाला, ओल्या पाल्याने धान्यालाच बुरशी येते.

काही रीती मात्र सोडाव्यात. खाण्याच्या तांदळाला बोरिक पावडर चोळू नका. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकू नका. गोदामात वापरायच्या विषारी गोळ्या तर घरात आणूच नका. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू किड्यांइतकाच माणसालाही मारतो.

कुठे काय ठेवायचं?

आपल्याकडे डबे लावायची पद्धत आकारावर चालते: मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरती रांग. मांडणीवर ती सुंदर दिसते, पण रोजच्या मोहरीसाठी मोठ्या डब्यामागे हात घालावा लागतो. डबे कामानुसार लावा. चहा, साखर, वेलची एकत्र. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट फोडणीच्या हाताला. तांदूळ आणि तूरडाळ शेजारी-शेजारी, माप म्हणून आतच एक वाटी. पोहे, रवा, शेवया, दाणे हा नाश्त्याचा गट. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ हे उपवासाचं सगळं एका ट्रेमध्ये, म्हणजे एकादशीला तो ट्रेच ओट्यावर आणता येतो.

कमरेपासून डोळ्यांपर्यंतची जागा सगळ्यांत मोलाची, ती फक्त रोज लागणाऱ्या वस्तूंना द्या. जड डबे कमरेखाली. पाच-दहा किलोचं पीठ किंवा तांदूळ डोक्यावरून काढायची वेळ कुणावर येऊ नये. सगळ्यांत वर हलकं आणि क्वचित लागणारं: पापड, कुरडया, सांडगे, चकलीचा साचा. काचेच्या बरण्या डोक्याच्या वर नकोत.

मसाल्यांचे तीन शत्रू: उष्णता, उजेड आणि वाफ. म्हणजे गॅसच्या बरोबर वरचं कपाट मसाल्यांना सगळ्यांत वाईट, आणि बहुतेक घरांत ते तिथेच असतात. वर्षाचा गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला चिनी मातीच्या बरणीत, गॅसपासून लांबच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवा आणि लागेल तसा छोट्या बरणीत काढा. मिसळणाच्या डब्यातही दहा-पंधरा दिवसांपुरतंच भरा. उकळत्या भाजीवर पाकीट उपडं करू नका, वाफ आत जाते आणि तिखटाचे गोळे होतात.

सिंकखालचं कपाट कोरड्या सामानासाठी कधीच वापरू नका. सिलिंडरच्या कप्प्यातही कांदे-बटाटे, पिशव्यांचे गठ्ठे कोंबू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तळाशी साचतो, म्हणून त्या दाराला खाली जाळी आणि आत मोकळी जागा हवी.

कुठलाही डबा काढताना फार तर दुसरा एकच डबा हलवावा लागावा, एवढा नियम पाळा. खोल कप्प्यात मागची रांग पुढच्याच वस्तूच्या साठ्याची ठेवा: पुढे चालू साखरेचा डबा, मागे साखरेचं बंद पाकीट. शिवाय प्रत्येक कप्प्यात हातभर जागा रिकामी सोडा. ती वाया गेलेली नाही. सणाचं सामान येतं तेव्हा ती लागते.

आता डबे

सामान घटलं, जागा ठरल्या, की घरात आहेत त्याच डब्यांतून निवड करा. सगळे डबे आणि झाकणं समोर घेऊन जोड्या लावा. बिनझाकणाचे आणि चिरलेले बाहेर. श्रीखंडाचे नि आइस्क्रीमचे डबे पाच-सहा ठेवा, बाकीचे भंगारवाल्याला द्या. स्टीलचे जास्तीचे डबे भांड्यांच्या दुकानात मोडीत निघतात. आजीचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेला डबा मात्र मोडीत घालू नका आणि माळ्यावरही चढवू नका. त्यात रोजचा तांदूळ भरा.

डब्याचं माप बघताना वजन आणि जागा यांत गल्लत होते. किलोभर साखर, तांदूळ किंवा डाळ सुमारे सव्वा लिटरच्या डब्यात बसते. किलोभर कणकेला पावणेदोन ते दोन लिटर लागतात. पोहे तर किलोला अडीच-तीन लिटर जागा खातात. डबा किती लिटरचा हे माहीत नसेल तर लिटरच्या बाटलीने पाणी भरून बघा आणि मग कडकडीत वाळवा. आपण एका वेळी जेवढं आणतो ते पूर्ण मावेल एवढा डबा असला, की अर्धी पुडी बाहेर राहत नाही.

प्लास्टिकचे डबे घेताना तळाच्या त्रिकोणातला आकडा बघा. 5 आकडा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, रोजच्या वापराला चांगलं. कुठल्याही प्लास्टिकच्या डब्यात गरम भाजणी भरू नका. मसाल्यांना काच किंवा स्टील बरं, कारण प्लास्टिकला हळदीचा डाग आणि हिंगाचा वास चिकटला की जात नाही.

स्टीलच्या डब्यावर नाव लिहाच. कपाटातल्या डब्यावर पुढच्या बाजूला, ट्रॉलीतल्या डब्यावर झाकणावर, कारण ट्रॉलीत वरूनच दिसतं. नावाखाली भरल्याची तारीख टाका. पाकिटाचा तारीख आणि बॅच नंबरचा तुकडा कापून डब्याला लावला तर तक्रारीच्या वेळी तोच पुरावा होतो. घरात कुणाला वाचता येत नसेल तर झाकणावर दोन दाणे चिकटपट्टीखाली बसवा, मूग आणि मटकीत घोटाळा होत नाही.

लावलेलं टिकवण्यासाठी

तळाशी दोन वाट्या उरलेल्या असताना त्यावरच नवं पाकीट ओतणं ही सगळ्यांत खर्चिक सवय. तळाचं जुनं तसंच दबून राहतं आणि त्यातली कीड नव्याला लागते. आधी जुनं ताटलीत काढा, डबा धुऊन कोरडा करा, नवं भरा. जुनं चाळून ‘आधी संपवा’च्या टोपलीत ठेवा आणि पहिल्यांदा तेच वापरा.

आठवड्यातून एकदा, भाजी निवडायला बसता तेव्हा, टोपलीत डोकावून दोन दिवसांचा बेत तिच्यावरून ठरवा. महिन्यातून एकदा एकच कप्पा पुसा. नवं काही आणावंसं वाटलं, किनवा असो की चिया, तर पावशेरच आणा. ते संपलं तरच पुन्हा.

‘तीनवर एक मोफत’च्या पाट्यांना भुलू नका. चार जणांच्या घरात महिन्याला पाव किलो लागणारा रवा दोन किलो आणला, तर त्यातला निम्मा अळ्यांसाठी आणलेला असतो. डी-मार्टला जा नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घरपोच मागवा, यादी आठवणीने लिहू नका. कपाटाचं दार उघडा, एकेक डबा हलवून बघा आणि जे खरंच संपत आलंय तेवढंच लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दर महिन्याला न चुकता करा. कपाट पुन्हा उपसायची वेळ क्वचितच येईल.